विश्वरचनाशास्त्र म्हणजे काय, आणि काय नव्हे?

विद्यार्थी मित्रांनो, समजा तुम्ही ठाण्याला नौपाड्यात राहता. संध्याकाळी गोखले रस्त्याने चालला आहात आणि वाटेत बाबांच्या ओळखीचे एक काका भेटतात.

"काय रे, सुटीत काय चालले आहे?"

"काका, मी ग्रहताऱ्यांचा अभ्यास करतो आहे."

"वा, वा! मग एकदा घरी ये. आमच्या ताईची पत्रिका दाखवायची आहे!"

तुम्ही मनात म्हणता, "आता यांना कसे समजावू?" काकांचा राग मात्र धरू नका. चूक सगळी त्यांची नाही. ग्रह, तारे आणि विश्व यांच्या अभ्यासासाठी आपल्या भाषेत पुष्कळ शब्द आहेत. ज्योतिष, ज्योतिर्विज्ञान, खगोलशास्त्र, खगोलभौतिकी, विश्वरचनाशास्त्र, विश्वोत्पत्तिशास्त्र असे ते शब्द. त्यांतले काही दोन-अडीच हजार वर्षांचे, तर काही गेल्या शंभर वर्षांतले. काहींचे अर्थ वाटेत बदलले. त्यामुळे नेमके काय शिकायचे आहे आणि त्याला काय म्हणायचे, याचा घोटाळा मोठ्यामोठ्यांचाही होतो.

आज आपण या शब्दांची कुळकथा पाहू या. त्यातही मुख्यतः एका शब्दाची ओळख करून घेऊ. तो शब्द म्हणजे विश्वरचनाशास्त्र.

ज्योतीपासून ज्योतिष

'ज्योति' म्हणजे तेज, प्रकाश. आकाशातील तेजस्वी गोलांची, म्हणजे ज्योतींची विद्या ती ज्योतिष. या शब्दाचा मूळ अर्थ इतका सरळ आहे. लगध ऋषींच्या नावावर असलेला 'वेदांग ज्योतिष' हा आपल्याकडील फार जुना ग्रंथ. त्यात सूर्य आणि चंद्र यांच्या गतींचे गणित आहे, तिथी आणि ऋतू कसे मोजावेत हे सांगितले आहे. कुणाचे लग्न कधी होईल, हे त्यात नाही!

पुढे या विद्येच्या फांद्या झाल्या. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ज्योतिषाचे तीन स्कंध सांगितले आहेत. ग्रहांच्या गतींचे गणित हा पहिला स्कंध. होरा, म्हणजे जन्मवेळेवरून भविष्य सांगणे, हा दुसरा. पाऊस, धूमकेतू, शकुन अशा नाना विषयांचा संग्रह असलेली संहिता हा तिसरा. यांतील 'होरा' या शब्दाचे नाते ग्रीक भाषेतील तशाच शब्दाशी जोडले जाते. आपण ज्याला 'अवर' म्हणतो त्या इंग्रजी शब्दाचे मूळही तेच.

एकाच घरात तीन भावंडे राहत होती म्हणा ना! शतके लोटली आणि लोकांच्या तोंडी ज्योतिष म्हणजे भविष्य हाच अर्थ रुळला. गणित करणारा थोरला भाऊ मागे पडला. 'जोशी' हे आपले नेहमीचे आडनावही 'ज्योतिषी' या शब्दावरून आले आहे. तुमच्या वर्गातील जोशी आडनावाच्या मुलांना हे सांगून पाहा. गावचा जोशी पंचांग पाहून तिथी आणि मुहूर्त सांगत असे. त्याच्या कामात गणित आणि भविष्य दोन्ही मिसळलेले होते.

या बदललेल्या अर्थामुळे एक मोठा ग्रंथ आज अनेकांच्या नजरेतून सुटतो. मुंबईहून पहिली आगगाडी ठाण्याला आली ते साल १८५३. त्याच वर्षी कोकणात मुरूड येथे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म झाला. ते व्यवसायाने शिक्षक. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे, पुणे अशा गावी त्यांनी शिकवण्याचे काम केले. १८९६ साली त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नाव वाचून तुम्हाला वाटेल, हे भविष्याचे पुस्तक असणार. प्रत्यक्षात तो आहे भारतीय खगोलशास्त्राचा इतिहास. कोणत्या काळी कोणता ग्रंथ झाला, वर्षाचे मान कसे धरले, ग्रहांच्या गती किती अचूक होत्या, याचा बारकाईने शोध त्यात घेतला आहे. असा ग्रंथ मराठीत लिहिला गेला आणि पुढे त्याचा इंग्रजीत अनुवाद झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. ग्रंथालयात तो कधी दिसला, तर नावाने फसून पुढे जाऊ नका.

'ख' म्हणजे आकाश

आता दुसरा शब्द खगोल. 'ख' या एकाक्षरी शब्दाचा अर्थ आकाश. आकाशात जाणारा तो खग, म्हणजे पक्षी. 'ख' म्हणजे पोकळी, रिकामी जागा असाही अर्थ आहे. त्यामुळे जुन्या गणितात 'ख' हा शब्द शून्यासाठीही वापरत. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या संख्येला 'खहर' असे नाव दिले आहे. आकाश आणि शून्य यांना एकच अक्षर! आहे ना गंमत?

भू म्हणजे पृथ्वी, तिचा तो भूगोल. तसा आकाशाचा तो खगोल. आपण उघड्या मैदानात उभे राहिलो, की आकाश एखाद्या मोठ्या घुमटासारखे दिसते. हा घुमट जमिनीखालीही पूर्ण केला, तर एक कल्पित गोल तयार होतो. जुन्या ज्योतिर्विदांनी या गोलावर रेषा आणि वर्तुळे कल्पून ग्रहताऱ्यांच्या जागा मोजल्या. भास्कराचार्यांच्या 'सिद्धांतशिरोमणी' या ११५० सालच्या ग्रंथाच्या एका भागाचे नावच मुळी 'गोलाध्याय' आहे. चाळीसगावजवळ पाटणे येथे इ. स. १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापला, असे त्यात नोंदलेले आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्रात खगोलाची पाठशाळा होती!

आज आपल्याला ठाऊक आहे, की आकाशात असा खरा गोल काही नाही. तारे कमी-अधिक अंतरावर विखुरलेले आहेत. तरीही 'खगोल' हा शब्द टिकला, आणि बरेच झाले. ग्रह, उपग्रह, धूमकेतू, तारे, तेजोमेघ, दीर्घिका या सर्वांच्या अभ्यासाला आज आपण खगोलशास्त्र म्हणतो. ताऱ्यांच्या पोटात काय जळते, ते किती तापलेले असतात, असे पदार्थविज्ञानाचे प्रश्न आले, की त्या शाखेला खगोलभौतिकी म्हणतात.

जाता जाता 'वेधशाळा' या शब्दाकडेही पाहा. वेध घेणे म्हणजे यंत्राने ताऱ्यांच्या जागा मोजणे, आणि जेथे हे काम चालते ती वेधशाळा. पण आपल्याकडे वेधशाळा म्हटले, की लोकांना पावसाचा अंदाज आठवतो. याचे कारण मुंबईतच सापडते. १८२६ साली स्थापन झालेली कुलाब्याची वेधशाळा मुळात ताऱ्यांचे वेध घेण्यासाठी आणि अचूक वेळ ठरवण्यासाठी होती. नंतर तेथे पृथ्वीचे चुंबकत्व आणि हवामान यांच्या नोंदी होऊ लागल्या. काम बदलले, नाव तेच राहिले. शब्द असेच प्रवास करतात.

विश्व म्हणजे सगळेच्या सगळे

आता आपल्या मुख्य शब्दाकडे वळू. 'विश्व' या संस्कृत शब्दाचा अर्थ 'सगळे', 'संपूर्ण'. आपण क्रीडाविश्व, नाट्यविश्व असेही म्हणतो. तेथे विश्व म्हणजे एक क्षेत्र. 'विश्वचषक' यात विश्व म्हणजे केवळ पृथ्वीवरचे देश. मंगळावरून अजून कोणी संघ पाठवलेला नाही! पण विज्ञानात विश्व म्हणजे जे जे आहे ते सर्व. सारे पदार्थ, सारी ऊर्जा, सारी जागा आणि सारा काळ.

या सगळ्याची रचना कशी आहे, ते पूर्वी कसे होते, पुढे कसे होईल, याचा अभ्यास म्हणजे विश्वरचनाशास्त्र. काही पुस्तकांत त्याला विश्वस्थितिशास्त्र असेही म्हटलेले आढळेल. इंग्रजीत यालाच कॉस्मॉलॉजी म्हणतात. ग्रीक भाषेत 'कॉसमॉस' म्हणजे सुव्यवस्था, नीटनेटकी मांडणी आणि शोभा. प्रसाधनांच्या दुकानाच्या पाटीवरील 'कॉस्मेटिक्स' हा शब्दही याच मुळापासून निघाला आहे. विश्व हा गोंधळ नसून त्यात काही व्यवस्था आहे, नियम आहेत, असा विश्वास त्या शब्दात आहे.

मग खगोलशास्त्र आणि विश्वरचनाशास्त्र यांत फरक काय? एक दाखला घेऊ. येऊरच्या जंगलात जाऊन एकेका झाडाची पाने, फुले, खोड तपासणे हा एक अभ्यास. हे जंगल केव्हा वाढले, ते केवढे आहे, झाडे दाट कोठे आणि विरळ कोठे, ते पसरते आहे की आटते आहे, हा दुसरा अभ्यास. खगोलशास्त्रज्ञ झाडे पाहतो, विश्वरचनाशास्त्रज्ञ जंगल पाहतो. अर्थात झाडे पाहिल्याशिवाय जंगल कळत नाही. म्हणूनच विश्वरचनाशास्त्र ही खगोलशास्त्राचीच एक शाखा मानतात.

रात्र काळी का?

तुम्ही म्हणाल, एवढे अवघड शास्त्र आम्हाला कसे समजणार? पण त्यातील एक प्रश्न असा आहे, की तो तुमच्या गच्चीवरूनही विचारता येतो. रात्री आकाश काळे का दिसते?

"त्यात काय, सूर्य नसतो म्हणून!" असे उत्तर तुम्ही द्याल. थांबा. पुन्हा जंगलाचाच दाखला घेऊ. जंगल लहान असेल, तर झाडांच्या फटींतून पलीकडचा उजेड दिसतो. पण जंगल पुरेसे मोठे असेल, तर कोणत्याही दिशेला पाहा, नजर कोठेतरी एखाद्या खोडावर अडकणारच. तसेच विश्व जर अमर्याद असेल, त्यात सर्वत्र तारे असतील आणि ते अनादी काळापासून तळपत असतील, तर आपण कोणत्याही दिशेला पाहिले तरी नजर शेवटी एखाद्या ताऱ्यावर पडायला हवी. मग सारे आकाश सूर्याच्या पृष्ठभागासारखे झगझगीत दिसायला हवे! तसे तर दिसत नाही. जर्मन ज्योतिर्विद हाइन्रिख ऑल्बर्स याने १८२३ साली या कोड्याची चर्चा केली, म्हणून त्याला ऑल्बर्सचा विरोधाभास म्हणतात.

आधुनिक विज्ञानाने याचे उत्तर असे दिले आहे. प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो. विश्वाचे आजचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. फार दूरच्या भागांतून निघालेला प्रकाश अजून आपल्यापर्यंत पोचलेलाच नाही. शिवाय विश्व पसरत असल्यामुळे दूरचा प्रकाश क्षीण होत जातो. म्हणजे रात्रीचा काळोख आपल्याला सांगतो, की आपल्याला दिसणारे तळपते विश्व अनादी नाही. 'सूर्य नसतो म्हणून' या उत्तरापेक्षा हे उत्तर किती खोल आहे, पाहिलेत?

विश्व पसरते म्हणजे काय?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आकाशातील काही अंधूक, सर्पिल आकाराच्या ढगांना तेजोमेघ म्हणत. हे ढग आपल्या आकाशगंगेतच आहेत की बाहेर, यावर वाद होता. अमेरिकन ज्योतिर्विद एडविन हबल याला १९२३ साली देवयानी तारकासमूहातील अशा ढगात एक रूपविकारी तारा सापडला. त्याची तेजस्विता कमीजास्त होण्याच्या कालावधीवरून अंतर काढता आले. तो ढग आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर निघाला! आजच्या मोजणीप्रमाणे ते अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे आहे. अब्जावधी ताऱ्यांच्या अशा प्रचंड समूहाला मराठीत दीर्घिका म्हणतात. लांबट तळ्याला संस्कृतात दीर्घिका म्हणत, तोच शब्द येथे कामी आला. आकाशगंगा ही आपली दीर्घिका, देवयानी ही शेजारची.

पुढे १९२९ साली हबलने दाखवून दिले, की दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत, आणि जी जितकी लांब तिचा वेग तितका जास्त. हे ओळखले कसे? ठाणे स्थानकात न थांबणारी गाडी भोंगा वाजवत येते. ती येत असताना आवाज चढा असतो, पुढे निघून गेली की उतरतो. प्रकाशाचेही असेच होते. दीर्घिका दूर जात असेल, तर तिच्या प्रकाशपटातील रेषा तांबड्या टोकाकडे सरकतात. याला ताम्रच्युती म्हणतात.

मग आपण विश्वाच्या मध्यभागी आहोत काय? मुळीच नाही. एक सोपा प्रयोग करा. रबराची एक रुंद पट्टी घ्या. तिच्यावर शाईने एकेक सेंटिमीटरवर पाच ठिपके काढा. आता पट्टी ताणून दुप्पट लांब करा. पहिल्या ठिपक्यापासून दुसरा ठिपका १ सेंटिमीटर होता, तो २ वर गेला, म्हणजे १ ने सरकला. चौथा ठिपका ३ सेंटिमीटर होता, तो ६ वर गेला, म्हणजे ३ ने सरकला. जो लांब तो जास्त सरकला. आता हेच मोजमाप तिसऱ्या ठिपक्यापासून करा. उत्तर तेच! प्रत्येक ठिपक्याला वाटेल, की बाकीचे आपल्यापासून दूर पळत आहेत. ठिपके पट्टीवरून धावत नाहीत, पट्टीच ताणली जाते. तशी दीर्घिकांमधली जागाच पसरते आहे.

दहावीच्या मुलांनी एक गणितही करून पाहावे. सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षे, म्हणजे ३.१ × १०¹⁹ किलोमीटर अंतरावरील दीर्घिका सेकंदाला सुमारे ७० किलोमीटर वेगाने दूर जाते. अंतराला वेगाने भागा. उत्तर येईल सुमारे ४.४ × १०¹⁷ सेकंद. एका वर्षात ३.१५ × १०⁷ सेकंद असतात. पुन्हा भागा. उत्तर येते सुमारे १४०० कोटी वर्षे. पसरण्याचा वेग नेहमी सारखाच होता असे धरून काढलेला हा ढोबळ हिशोब आहे, पण अधिक सूक्ष्म मोजणीतून आलेल्या १३८० कोटींच्या किती जवळ आला!

कल्याणच्या बत्तीस तबकड्या

मित्रांनो, ही सारी कामे परदेशातच झाली असे समजू नका. नौपाड्यातून ठाणे स्थानकावर जा आणि गाडीत बसा. सुमारे वीस किलोमीटरवर कल्याण लागते. या कल्याणला १९६५ साली एक रेडिओ दुर्बीण उभी राहिली.

रेडिओ दुर्बिणीला भिंग नसते. सूर्य, तारे आणि दीर्घिका यांच्याकडून प्रकाशाप्रमाणे रेडिओ लहरीही येतात. त्या धातूच्या तबकडीने गोळा करून विद्युत यंत्रणेने मोजायच्या असतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६३ साली डॉ. गोविंद स्वरूप रुजू झाले. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ वापरून झालेल्या, प्रत्येकी सुमारे १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या भारताला भेट मिळाल्या होत्या. त्या कल्याणला मांडल्या गेल्या. २४ तबकड्या पूर्व-पश्चिम रांगेत आणि ८ दक्षिणोत्तर रांगेत. पूर्व-पश्चिम रांग ६०० मीटरांहून अधिक लांब होती. लहान लहान तबकड्या दूर दूर ठेवून त्यांचे संदेश एकत्र केले, की त्यांची मिळून एका मोठ्या दुर्बिणीसारखी बारकाईची नजर तयार होते. या दुर्बिणीने सूर्याच्या बाहेरच्या अतितप्त आवरणाचा, म्हणजे प्रभामंडलाचा, अभ्यास केला.

सूर्याचा अभ्यास हे झाले खगोलशास्त्र. पण कल्याणला हात बसलेली हीच मंडळी पुढे विश्वरचनाशास्त्राकडे वळली. १९७० साली त्यांनी तमिळनाडूत उटी येथे ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दुर्बीण पूर्ण केली. ती डोंगराच्या उतारावर अशा रीतीने बसवली आहे, की तिचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर राहतो. त्यामुळे एकाच आसाभोवती फिरवून तासन् तास एका उगमाचा पाठलाग करता येतो. त्यानंतर पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड दुर्बीण उभी राहिली. कल्याणच्या छोट्या तबकड्यांपासून सुरू झालेली वाट येथवर येऊन पोचली.

एकाच संस्थेत दोन मते

उटीची दुर्बीण एका मोठ्या वादात साक्षीदार म्हणून उभी राहिली. तो वाद समजून घेतला, तर विश्वरचनाशास्त्र हे शास्त्र का आहे ते नीट कळेल.

विश्व पसरते आहे, हे दोन्ही पक्षांना मान्य होते. एक पक्ष म्हणे, की पूर्वी ते अतिशय दाट आणि उष्ण होते, तेथून त्याचा विस्तार सुरू झाला. यालाच महास्फोट सिद्धांत म्हणतात. हे नाव इंग्रजीत १९४९ साली फ्रेड हॉएल यांनी आकाशवाणीवरील भाषणात वापरले, आणि गंमत म्हणजे ते या सिद्धांताचे विरोधक होते! 'महास्फोट' हा शब्दही थोडा फसवाच आहे. फटाका एका जागी फुटतो आणि त्याचे तुकडे रिकाम्या जागेत उडतात, तसे येथे झालेले नाही. जागाच सर्वत्र पसरू लागली. दुसरा पक्ष स्वतः हॉएल, बाँडी आणि गोल्ड यांचा. त्यांनी १९४८ साली मांडले, की विश्व पसरत असताना नवे द्रव्य निर्माण होत राहते, म्हणून विश्व सर्व काळी एकसारखेच दिसते. हा झाला स्थिर स्थिती सिद्धांत.

१९३८ साली कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर केंब्रिज येथे हॉएल यांचे विद्यार्थी आणि पुढे सहकारी झाले. ते १९७२ साली भारतात परतले आणि टाटा संस्थेतच काम करू लागले. म्हणजे पाहा, एका संस्थेत नारळीकर महास्फोटाविषयी शंका घेत होते, आणि त्याच संस्थेतील गोविंद स्वरूप व विजय कपाही उटीच्या दुर्बिणीने दूरच्या रेडिओ उगमांचे आकार मोजत होते. चंद्र आकाशातून जाताना एखाद्या उगमाला झाकतो, त्याला पिधान म्हणतात. झाकला जाण्याची क्रिया बारकाईने नोंदली, की उगमाचा आकार कळतो. १९७५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांचा कौल असा होता, की दूरचे, म्हणजेच जुन्या काळचे उगम जवळच्यांपेक्षा वेगळे आहेत. विश्व बदलत आले आहे. हा पुरावा महास्फोटाच्या बाजूचा होता.

त्याआधीच, १९६५ साली, अमेरिकेतील पेन्झियास आणि विल्सन यांनी आपला शोध प्रसिद्ध केला होता. त्यांच्या आकाशकात सर्व दिशांनी एकसारखी खरखर येत असे. त्यांनी आत बसणारी कबुतरे हाकलली, त्यांची घाण साफ केली, तरी ती खरखर जाईना. ती होती विश्वाच्या तप्त बालपणाची उरलेली ऊब. आज तिचे तापमान सुमारे उणे २७० अंश सेल्सिअस आहे. जुन्या दूरचित्रवाणी संचावर कार्यक्रम संपल्यावर ज्या 'मुंग्या' दिसत, त्यांतील अगदी थोड्या या ऊबेच्या असत. आजोबांना विचारा, त्यांना त्या मुंग्या आठवतील.

या पुराव्यांमुळे बहुतेक शास्त्रज्ञांनी महास्फोट सिद्धांत स्वीकारला. नारळीकरांनी मात्र प्रश्न विचारणे सोडले नाही. १९९३ साली त्यांनी हॉएल आणि बर्बिज यांच्यासह आपल्या सिद्धांताची सुधारलेली मांडणी केली. पुण्याच्या 'आयुका' या संस्थेचे संस्थापक संचालक म्हणून त्यांनी ज्या तरुणांना वाढवले, त्यांतील अनेक जण महास्फोट मानूनच संशोधन करतात. मतभेद होते, पण निवाडा वेधांनी आणि गणितानेच करायचा, यावर एकमत होते. डॉ. नारळीकरांचे २०२५ च्या मे महिन्यात पुण्यात निधन झाले.

आणि वाद आजही संपलेले नाहीत. विश्वात आपल्या ओळखीचे द्रव्य फक्त ५ टक्के आहे. सुमारे २७ टक्के कृष्णद्रव्य आणि ६८ टक्के कृष्णऊर्जा, अशी आजची मोजदाद सांगते. पण ही दोन्ही नेमकी काय आहेत, हे कोडे सुटायचे आहे. विश्वाच्या पसरण्याचा वेग एका पद्धतीने ६७ च्या आसपास येतो, तर दुसरीने ७३ च्या. तुमच्यासाठी काम शिल्लक आहे!

शब्द घसरला की काय होते?

कोणी म्हणेल, "शब्दांचे एवढे काय? अर्थ समजल्याशी कारण." पण शब्द घसरला, की त्याच्याबरोबर पुष्कळ काही घसरते. बंगाली भाषेत 'ज्योतिर्विज्ञान' म्हणजे खगोलशास्त्र. पण २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत 'ज्योतिर्विज्ञान' शिकवण्याची योजना काढली, तेव्हा त्याचा अर्थ वैदिक फलज्योतिष असा होता. नाव तेच, वस्तू वेगळी. नारळीकरांसह अनेक शास्त्रज्ञांनी त्याला विरोध केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००४ साली न्यायालयाने योजनेत हस्तक्षेप करण्यास नकार दिला. विद्यापीठात काय शिकवावे हा एक प्रश्न, आणि ते विज्ञान ठरते का, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर प्रयोगानेच द्यावे लागते.

तसा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. २००८ साली डॉ. नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०० मुलांच्या जन्मपत्रिका जमवल्या. त्यांतील १०० मुले शाळेत हुशार होती आणि १०० मतिमंद मुलांच्या शाळांतील होती. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिष्याला ४० पत्रिका देण्यात आल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातील, एवढेच सांगायचे होते. २७ जणांनी उत्तरे पाठवली. सरासरीने ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून उत्तर दिले असते, तर ५० टक्क्यांच्या आसपास आलीच असती!

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवा. संकष्टीच्या दिवशी घरात चंद्रोदयाची वेळ दिनदर्शिकेत पाहतात. ती वेळ वर्षभर आधी छापलेली असते. २०२५ च्या ७ सप्टेंबरच्या रात्री अकरा वाजता चंद्रग्रहणाची खग्रास स्थिती सुरू होईल, हेही आधीच गणिताने ठरलेले होते, आणि तसेच झाले. त्याच दिनदर्शिकेत राशिभविष्यही असते. एकाच कागदावर ती भावंडे अजून एकत्र राहतात. पण एकाचे बोलणे घड्याळ लावून तपासता येते, दुसऱ्याचे येत नाही. हा फरक ओळखता आला, की शब्दांचा घोटाळा होत नाही.

कोणता शब्द कोठे वापराल?

गुरूचे उपग्रह दुर्बिणीतून पाहिले, धूमकेतूची जागा नोंदली, ते खगोलशास्त्र.

तारा का तळपतो, त्याचे शेवटी काय होते, ते खगोलभौतिकी.

विश्वाचे वय, विस्तार, दीर्घिकांची मांडणी, कृष्णद्रव्य, ते विश्वरचनाशास्त्र. आयुकातील आणि अन्य शास्त्रज्ञांनी २०१७ साली सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवरील दीर्घिकांचा एक प्रचंड महासमूह शोधला आणि त्याला 'सरस्वती' असे नाव दिले, तो शोध या शाखेतला.

विश्व, सूर्यमाला किंवा दीर्घिका मुळात कशा घडल्या, एवढाच प्रश्न असेल, तर विश्वोत्पत्तिशास्त्र.

अग्निबाण, कृत्रिम उपग्रह आणि याने यांचे शास्त्र ते अवकाशविज्ञान.

जन्मवेळेवरून भविष्य सांगणे हे फलज्योतिष. त्याला नुसते 'ज्योतिष' म्हणण्यापेक्षा 'फलज्योतिष' म्हणणे बरे, म्हणजे दीक्षितांच्या ग्रंथावर अन्याय होणार नाही.

करून पाहा

१. नौपाड्याचे अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर आहेत. म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर दिसायला हवा. हात ताठ धरून मूठ डोळ्यांसमोर आणा. एक मूठ म्हणजे सुमारे १० अंश. उत्तर क्षितिजापासून दोन मुठी मोजा आणि ध्रुव शोधा. इमारती आड येत असतील, तर मित्राच्या गच्चीवर जा.

२. मे महिन्याच्या मध्याला एके दिवशी ठाण्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. असा दिवस जुलैच्या शेवटच्या आठवड्यातही येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात. मेमध्ये रोज काठीची सावली मोजा आणि तो दिवस तुम्हीच शोधून काढा.

३. संकष्टीला दिनदर्शिकेतील चंद्रोदयाची वेळ टिपा आणि चंद्र प्रत्यक्ष किती वाजता दिसला तेही लिहा. पूर्वेला पारसिकचा डोंगर आणि इमारती आहेत, म्हणून तो थोडा उशिरा दिसेल. किती उशिरा? सहा महिन्यांच्या नोंदी ठेवा आणि वर्गात दाखवा.

४. शिक्षकांसाठी: मुलांना आठवड्याभराच्या वर्तमानपत्रांतून आकाशाशी संबंधित बातम्या कापून आणायला सांगावे. प्रत्येक कात्रणावर वर दिलेल्यांपैकी योग्य शब्द लिहून घ्यावा. ज्या कात्रणावर मुलांचे एकमत होणार नाही, ते फळ्यावर लावून त्यावर तासभर चर्चा घ्यावी.